काकूंचा पत्र्याचा डबा

शिकागोच्या उपनगरातलं माझं पहिलं वर्ष वरच्या मजल्यावरच्या काकूंनी निभावून नेलं, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, डबे दिले असतील. डबे दिलेच, शिवाय लिंबाचं लोणचंही. पण मी त्यांची देणेकरी आहे ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. अमेरिकेतली शहरं नुसत्या स्कायलाइनच्या फोटोवरून ओळखायला त्यांनी मला शिकवलं.

मी एच-४ व्हिसावर आले होते. त्या काळी त्यावर नोकरी करता येत नसे. नवरा सकाळीच बाहेर पडायचा आणि मग दिवसभर मी, हीटर आणि खिडकीबाहेरचा बर्फ. काकू एका इंजिनिअरिंग कंपनीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेल्या. बाईमाणसासाठी तिथं वेगळा हुद्दा नव्हता, हे त्या हसून सांगायच्या. कामानिमित्त फिरताना जमवलेली पोस्टकार्डं त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. चहा झाला की डबा निघायचा. खालचं नाव अंगठ्यानं झाकून त्या कार्ड पुढं धरायच्या. "बोल, कुठलं?"

सेंट लुईसची कमान आणि सिअॅटलची स्पेस नीडल त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला काढली. "गेटवे ऑफ इंडिया दाखवून मुंबई ओळख म्हणण्यात काय अर्थ आहे?" उंच इमारतीकडं सगळ्यात शेवटी बघायचं, हा त्यांचा नियम. आधी पाणी, मग पूल, मग डोंगर, मग गच्च्या. पिट्सबर्ग आणि सिनसिनाटी दोन्ही ओहायो नदीवरची. पण पिट्सबर्गला दोन नद्या मिळून ती नदी सुरू होते आणि पूल पिवळेधमक. सिनसिनाटीला दगडी मनोऱ्यांचा झुलता पूल, ब्रुकलिन पुलाच्या आधी त्याच रोबलिंगनं उभारलेला. एवढं कळलं की इमारती बघायचीही गरज नाही.

गच्च्यांचा धडा मला सगळ्यात आवडला. लॉस एंजेलिसच्या उंच इमारतींचे माथे सपाट का? १९७४ पासून तिथल्या अग्निशमन नियमानुसार माथ्यावर हेलिकॉप्टर उतरायची सोय ठेवावी लागे, म्हणून. सॅन डिएगोत सगळंच ५०० फुटांच्या आत, कारण विमानतळ शहराला खेटून. वॉशिंग्टनमध्ये गगनचुंबी इमारत शोधूच नये, १९१० चा कायदा आडवा येतो. "शहर कसं दिसतं ते आर्किटेक्ट ठरवतो असं वाटतं ना तुला? निम्मं तर नियमावलीच ठरवते गं," काकू म्हणायच्या.

एकदा मी सिअर्स टॉवरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या आकाराबद्दल विचारलं. काकूंनी कागदी रुमाल ओढला आणि पट्टीशिवाय नऊ चौकोन काढले, तीन ओळींत तीन-तीन. रेघा अगदी सरळ. नऊ नळ्या एकमेकींना बांधलेल्या, म्हणून वारा झेपतो. मग एकेका चौकोनात आकडे लिहीत गेल्या: दोन नळ्या ५० व्या मजल्यावर संपतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, उरलेल्या दोन शेवटपर्यंत जातात. ही करामत फझलूर खानची. "ढाक्याचा माणूस," असं सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा. पुढच्याच आठवड्यात त्या मला ट्रेननं शहरात घेऊन गेल्या आणि खानच्याच हॅनकॉक सेंटरखाली उभं करून बाहेरच्या तिरप्या तुळया वरपर्यंत मोजायला लावल्या. मान दुखली. त्यानंतर मात्र मी एकटीनं शहरात जायला लागले.

ग्रीन कार्ड आल्यावर मी नगर नियोजनाचा अभ्यासक्रम केला. आज इथल्याच एका नगरपालिकेत बांधकाम परवान्यांचे कागद तपासते. उंचीच्या मर्यादा, रस्त्यापासून सोडायची जागा, असलं रुक्ष काम मी आवडीनं करते, ते त्या डब्यामुळं. नवी काचेची शहरं मात्र ओळखणं कठीण झालंय. नॅशव्हिलला ती दोन कानांची इमारत नसती तर मीही हात टेकले असते. लॉस एंजेलिसनं २०१४ मध्ये नियम शिथिल केला आणि २०१६ साली तिथल्या विल्शायर ग्रँड इमारतीला टोक चढलं, तेव्हा काकूंचा फोन आला होता. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट, "आपली खूण बाद झाली बरं का!"

काकू आता नाहीत. डबा त्यांनी माझ्या नावे ठेवला. त्यात एक कार्ड कमी आहे, ते त्यांना अखेरपर्यंत मिळालं नाही: फिलाडेल्फियाचं, १९८७ च्या आधीचं. तोवर तिथं सिटी हॉलवरच्या विल्यम पेनच्या पुतळ्याच्या टोपीपेक्षा उंच काही बांधायचं नाही, असा अलिखित संकेत होता. त्या वर्षी पूर्ण झालेल्या वन लिबर्टी प्लेसनं तो मोडला. पेनच सगळ्यात उंच दिसतोय असं जुनं पोस्टकार्ड कुणाच्या घरी, एखाद्या आत्याच्या किंवा मामाच्या पत्रांत पडलं असेल, तर कृपया रद्दीत घालू नका. या मासिकाच्या पत्त्यावर माझ्यासाठी पाठवा. टपालखर्च मी देईन.