ठाऊक असलेली गोष्ट

माणसाला वस्तुस्थिती ठाऊक नसते, म्हणूनच तो चुकीच्या राजकीय मताला चिकटून राहतो, अशी शिकल्यासवरल्या मंडळींची एक सोयीची समजूत असते. जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या चरित्रापाशी आली की ही समजूत अडखळते. उत्क्रांतीच्या सिद्धान्ताला गणिती पाया देणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांपैकी ते एक. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे त्यांचे १९१९ चे सूत्र आणि आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींचे १९४४ चे सूत्र यांची नावे आजही जोडीने घेतली जातात. जनुकांच्या अस्तित्वाविषयी या माणसाला शंका असणे शक्यच नव्हते.

नेमक्या त्या जनुकांनाच सोव्हिएत रशियात त्रोफीम लायसेन्को भांडवली थोतांड ठरवत होता. गव्हाचे बी ओलवून थंडीत ठेवले की त्याचा स्वभाव पालटतो आणि तो पालट पुढच्या पिढीतही उतरतो, हा त्याचा दावा. त्याला विरोध करणारे निकोलाय वाविलोव यांनी जगभर हिंडून पिकांची बियाणी जमवली होती. त्यांना १९४० मध्ये अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात ते मरण पावले. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोतील कृषी अकादमीच्या अधिवेशनात लायसेन्कोने आपल्या निवेदनाला पक्षाच्या मध्यवर्ती समितीची मान्यता असल्याचे जाहीर केले, आणि वाद मिटला. गव्हाचे मत कोणी विचारले नाही.

हॉल्डेन तेव्हा ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षात होते. त्याच वर्षी बी.बी.सी.वरून इतर शास्त्रज्ञांनी लायसेन्कोवर कठोर टीका केली. हे मात्र काही चूक, काही बरोबर, अशा सावध भाषेत बोलले. पुढे १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले.

हे वाचताना मला माझे मामा आठवतात. ते परळच्या गिरणीत साचेवाले होते आणि लाल बावट्याचे कार्यकर्ते. त्यांच्याकडे रशियाहून गुळगुळीत कागदाची मासिके येत. वाचून झाली की आमच्या वह्यांना त्यांची कव्हरे लागत. १९५६ मध्ये स्टालिनच्या अत्याचारांची कबुली खुद्द ख्रुश्चेव्हने दिली. वडिलांनी ते वर्तमानपत्र मामांपुढे ठेवले. मामांनी ते सावकाश वाचले, नीट घडी घातली आणि म्हणाले, “दाजी, हे खरं असेलही. पण मी ते खरं मानलं, तर उद्या गेटावर कुणाच्या शेजारी उभा राहू?”

याहून प्रामाणिक उत्तर मी कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही. संपाच्या दिवसांत ज्यांनी त्यांच्या खोलीवर ज्वारी पोचवली, मामी गेल्या तेव्हा ज्यांनी खांदा दिला, ती सारी माणसे त्या मतात राहत होती. कात्रणातल्या चार ओळी त्या वस्तीवर नांगर फिरवू पाहत होत्या. मत हे अनेकदा विधान नसतेच. ते घर असते, आणि घराला पुरावा मागितला तर आतले लोक दार लावून घेतात. हे केवळ डाव्यांचे नव्हे, हे सांगायला नकोच.

बुद्धी तरी इथे सोडवते का? येल विद्यापीठाच्या डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेत लोकांना आकड्यांची कोष्टके वाचायला दिली. त्वचेच्या मलमाविषयीचे कोष्टक गणितात तरबेज असलेल्यांनी इतरांपेक्षा अचूक वाचले. तेच आकडे बंदुकांवरील बंदीविषयी आहेत असे सांगताच त्या तरबेजांतलीच पक्षवार फूट सर्वांत रुंद झाली. आकडेमोड त्यांना येत होती. नको असलेल्या उत्तरापाशी आले की ते ती अधिक कसून करत, एवढेच.

हॉल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याला आले, भारताचे नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारले. त्यापूर्वी काही महिने त्यांनी बी.बी.सी.साठी स्वतःचाच मृत्युलेख ध्वनिमुद्रित केला होता. लायसेन्कोच्या हाती सत्ता गेली हे सोव्हिएत शेतीचे व जीवशास्त्राचे दुर्दैव, असे त्यात ते म्हणतात. आणि त्याच ओघात, पक्ष सोडून इतकी वर्षे लोटल्यावरही, लायसेन्को चांगला जीवशास्त्रज्ञ होता, असेही म्हणतात.