एकोणीस रुपयांची मराठी

आमच्या बऱ्हाणपुरात केबलचे पैसे वर्षानुवर्षे एकरकमी दिले जात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोरगा दारात येई, पैसे मोजून घेई आणि कार्डावर सही करून जाई. त्या रकमेत हिंदी किती, मराठी किती, क्रिकेट किती, हे ना तो सांगे, ना आम्ही विचारत असू. संध्याकाळी आई मराठी मालिका लावी आणि तापीकाठच्या या हिंदी बाजारपेठेत आमचे घर तासभर मराठी ऐके.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या नियमांनी फेब्रुवारी २०१९ पासून ही मोळी सुटली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. त्यापुढे प्रत्येक सशुल्क वाहिनीचा भाव निराळा. पाहाल तेवढ्याचेच पैसे द्या! तत्त्व मला पटले. पण सुट्या वाहिन्यांपेक्षा स्वस्त असे कंपन्यांचे तयार संचही लगोलग आले. केबलवाल्याने हिंदी संच पुढे केला आणि म्हणाला, "सर, मराठी अलग से लगेगा." आकडा होता १९ रुपये, वर कर.

मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मी ते १९ रुपये वाचवले. बेरीज आधीच वाढली होती; शिवाय 'सह्याद्री' फुकट आहेच, अशी मनाची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "काय रे, आपली माणसं दिसत नाहीत आता?"

मला उत्तर सुचेना. पलीकडे रावेरला मराठी संचातच मिळत होती. सीमेच्या अलीकडे तीच 'अलग से'. इतकी वर्षे ती एकरकमी पैशांत न मागता घरात येत होती. ती हवी का, असे कोणी विचारलेच नव्हते. सुटा भाव छापला गेला तेव्हा तो प्रश्न प्रथमच समोर आला, आणि मुलांना आयुष्यभर गुण देणारा मी त्यात नापास झालो. दुसऱ्याच दिवशी फॉर्म पुन्हा भरून दिला.

आई २०२२ साली गेली. त्यानंतर एकदा बिल पाहताना मुलगी म्हणाली, "बाबा, ही वाहिनी आता कोण बघतं? काढून टाकू?"

"राहू दे," मी म्हटले.

संध्याकाळी मी ती लावून बसतो. मुलगी आपल्या कामात असते. परवा मात्र मान वर करून तिने विचारले, "बाबा, माजघर म्हणजे काय हो?"

मालिका तशीच चालू राहिली. मी तिला आजोळच्या घराचे माजघर सांगत बसलो.