पंखांचा खर्च

फुटपाथवर एका डीव्हीडीत चार-चार सिनेमे मिळायचे, तेव्हाची गोष्ट. तीन सिनेमे मला हवे होते, चौथा 'गेब्रिएल' आपसूक पदरात पडला. एका पावसाळी रात्री लाइट जाऊन आली, झोप उडाली, म्हणून तोच लावला.

पडद्यावर एक शहर. तिथे दिवस उजाडतच नाही, कारण अंधाराची सरशी झाली आहे. स्वर्ग आणि नरक यांच्या मधल्या या जागेवर ताबा मिळवण्यासाठी दोन्हीकडून सात-सात जण उतरलेत आणि उजेडाच्या बाजूचा शेवटचा भिडू म्हणजे देवदूत गेब्रिएल. खाली उतरायचं तर माणसाचं शरीर घ्यावं लागतं, अशी अट. मी पंखांची वाट पाहत होते. लांब कोट आला, पिस्तुलं आली, धूर आला, एवढं थोरलं शहर असून रस्त्यावर चिटपाखरू नाही हेही दिसलं. पंखांचं मात्र नाव नाही. आता उलगडतील, मग उलगडतील, असं म्हणत मी चहा करून आले.

पुढे कधीतरी कळलं, की २००७ सालचा हा ऑस्ट्रेलियन सिनेमा शेन ॲबेस या दिग्दर्शकाने सिडनीत साधारण दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये उरकला होता. त्याच सिडनीत काही वर्षं आधी 'द मेट्रिक्स'चं शूटिंग झालं, त्याचं बजेट सहा कोटी डॉलरच्या वर. ॲबेसच्या सिनेमातले लांब कोट आणि संथ गतीने सुटणाऱ्या गोळ्या कुठून आल्या, हे सांगायला नको. थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याने घालावा तसं ते दिसतं. बाह्या लांब, पण ऐट तीच. रस्ते ओस का, तेही मग माझ्या लक्षात आलं. गर्दी उभी करायची म्हणजे माणशी जेवण आलं. अंधाराने शहर गिळलं होतं हे खरं, पण खरेदी-विभागाचाही त्यात हात असावा.

हसून झालं की मात्र हा सिनेमा चिकटतो. पंख नाहीत म्हटल्यावर देवदूताला करायला उरतं काय? दमणं. गेब्रिएल दुसऱ्याची जखम भरतो तेव्हा त्याची स्वतःची ताकद आटते. आधी आलेल्यांपैकी एक जण ओळख लपवून भुकेल्यांना सूप वाढत बसलाय. एक जण शहराबाहेर दडलाय. आमितिएल नावाची देवदूत नाव बदलून देह विकते आहे, नशेत आहे. सैन्य म्हणून पाठवलेली ही माणसं, माणसंच म्हणते, बदली होऊन आडगावी आलेल्या आणि वरून एकही कागद न येणाऱ्या नोकरदारांसारखी वाटतात. पैसे असते तर दिग्दर्शकाने त्यांना आभाळात उडवलं असतं आणि मग हे चेहरे कोणी पाहिले असते?

तसा गेब्रिएल हा लढणारा नव्हेच. तलवार मायकेलची, चित्रात सैतानाला पायाखाली घेतो तो. गेब्रिएल निरोप्या. फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'तही, म्हणजे १६१६ साली रायतूरला छापलेल्या आपल्या मराठी ओव्यांत, तो मारियेकडे निरोप घेऊनच येतो. टपालखात्यातल्या माणसाला सिनेमावाल्यांनी परस्पर पोलिसात भरती केलं.

तेही पहिल्यांदा नव्हे. १९९५च्या 'द प्रॉफेसी'त क्रिस्टोफर वॉकेन गेब्रिएल झाला होता. ग्रेगरी वायडनच्या त्या सिनेमाकडे 'गेब्रिएल'पेक्षा पुष्कळ जास्त पैसे होते, तरी हॉलिवुडच्या मानाने चिल्लरच. त्याने पंखांचा प्रश्न फार नामी सोडवला. त्याचे देवदूत खुर्चीवर नीट बसत नाहीत. पाठीच्या कडेवर उकिडवे बसतात, पाय जवळ घेऊन, मान किंचित पुढे. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर रोज सकाळी पोळीच्या तुकड्यासाठी येणारा कावळा थेट तसाच बसतो. एक पैसा खर्च न करता पंख दिसायला लागतात. आणि या महादूताला गाडी चालवता येत नाही! स्वर्गातलं युद्ध पेटलंय आणि हा स्टिअरिंगवर बसवायला एका अर्धमेल्या माणसाला सोबत वागवतोय. कोटी-कोटींच्या सिनेमातही इतका खरा देवदूत मला भेटलेला नाही.

'गेब्रिएल'चा नायक होता अँडी व्हिटफिल्ड. वेल्समध्ये जन्मलेला, इंजिनिअरिंग शिकलेला. या सिनेमानंतर तीन वर्षांनी, २०१०मध्ये 'स्पार्टाकस' मालिकेने त्याला जगभर नेलं. पहिला सीझन संपतो न संपतो तोच लिम्फोमाचं निदान झालं. मधे तो बरा झाल्यासारखा वाटला, दुखणं उलटलं, आणि ११ सप्टेंबर २०११ला सिडनीत तो गेला. चाळिशीही गाठली नाही. बातमी वाचून मी ती डीव्हीडी शोधून काढली. त्यावर ओरखडे पडले होते, चित्र मधेच चौकोनांत फुटत होतं. जखम भरून झाल्यावर हा भिंतीला टेकतो आणि एक क्षण नुसता श्वास घेतो, तसा एक तुकडा तेवढा सलग चालला. पूर्वी मी तो अभिनय म्हणून पाहिला होता. या वेळी तिथेच बंद केला.

मागच्या महिन्यात माहीमला गेले होते. चर्च सेंट मायकेलचं, पण बुधवारची गर्दी मदर मेरीच्या नोव्हेनाला. शूर सेनापतीच्या घरी सगळे आईलाच भेटायला यावेत तसं. बाहेर मेणाच्या वस्तूंचं दुकान मांडलेलं. पिवळसर हात, पाय, डोळे, बाळं, घरं. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, त्याने ते घ्यायचं. एक पाय उचलून पाहिला. पावलाला पाच बोटं नीट कोरलेली, टाचेजवळ साच्याचा सांधा.

"मावशी, पंख नाहीत का हो?"

तिने मला नीट न्याहाळलं.

"पंख नाय. इमान हाय. फॉरेनला जायचंय काय?"