काटा कधी चढतो?

आमच्या लाखांदूरकडे जीप गरम झाली की दोनच औषधं: थांबून पाणी ओतायचं आणि थर्मोस्टॅट काढून फेकायचा. काकाजींच्या जुन्या फोर-व्हील डिझेल जीपवर गेल्या उन्हाळ्यात दोन्ही करून झाली. तरी माल भरून वडशाच्या रस्त्याला लागलं की काटा लालमध्ये जायचाच.

एका मिस्त्रीने निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलं भाऊ, इंजिन खोला लागते." त्याने सांगितलेला आकडा म्हणजे रोवणीचा अख्खा खर्च. काकाजी म्हणाले, "देऊन टाक भंगारात." पण मग पावसाळ्यात चिखलातून बांधीपर्यंत पऱ्हे आणि खत नेणार कोण? ट्रॅक्टर भाड्याने मिळतो खरा, पण रोवणीत तो सगळ्यांना एकाच दिवशी हवा असतो.

मी एकच प्रश्न धरून बसलो: काटा चढतो कधी? चिखलात लो गिअरमध्ये रांगताना चढला आणि रस्त्यावर वारा लागताच उतरला, तर संशय पंख्यावर नाहीतर त्याच्या पट्ट्यावर. उभी असताना ठीक, पण वजन घेऊन पळताना तापते, तर पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. आमची दुसऱ्या जातीची.

आधी गॅस्केट. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढलं, मग गाडी सुरू केली. पाण्यात सतत येणारे बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून पांढरी वाफ नाही. तूर्त हेडला माफी.

मग गाडी फिरवून आणली, बंद केली आणि रेडिएटरवर जपून हात फिरवला. कडेला गरम, मध्ये एक पट्टा चक्क गार! तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. वर्षानुवर्षं ओतलेलं बोअरचं पाणी वाफ होऊन उडालं, क्षार मागे राहिले. म्हणजे औषधच रोग वाढवत होतं. बाहेरून जाळीत तणसाचा चुरा आणि चिखलणीचा गाळ, तो वेगळाच.

साकोलीच्या एका कारागिराने पितळी टाकीचा डाग काढला, नळ्यांतून पातळ पट्टी फिरवली, पुन्हा डाग दिला. जाळी मी इंजिनच्या बाजूने पाणी मारून धुतली, कचरा आला त्याच वाटेने परत.

झाकणाचं रबर चिरलेलं होतं. ते साधं झाकण नसतंच, कुकरची शिट्टी म्हणा. अर्धा बार दाब धरला तर पाणी १०० ऐवजी १११ अंशांच्या आसपास उकळतं. गरम गाडीचं झाकण उघडणाऱ्याचं तोंड भाजतं ते यामुळेच.

नवा थर्मोस्टॅट काकाजींना पटेना. "तो पाण्याले अडवते ना?" अडवतोच, पण इंजिन थंड असेपर्यंत. तो नसला तर थंडीत इंजिन कामाच्या तापमानाला लवकर येत नाही आणि डिझेल नीट जळत नाही.

आता आत अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. रोवणीभर काटा मध्यावरच राहिला. फक्त वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून हल्ली थेंब दिसतोय. सील गेलंय. धान चुरून होईस्तोवर टिकलं तर बरं.