पायूटची धूळवाट

मेरिसव्हेल हे युटा राज्यातलं जेमतेम काहीशे वस्तीचं गाव. सॉल्ट लेक सिटीहून दक्षिणेला मोटारीनं तीनेक तासांवर, सेव्हिअर नदीच्या काठी. एकेकाळी ते डोंगरातल्या सोन्याचांदीच्या खाणींवर जगलं. आता त्याचं पोट पायूट ट्रेलवर चालतं. फिशलेक राष्ट्रीय वनातून फिरून पुन्हा मूळ जागी येणारी ही कच्ची वाट. मुख्य फेराच सुमारे 275 मैलांचा, म्हणजे जवळजवळ 440 किलोमीटरचा. त्याला फुटलेल्या फाट्यांची गणती वेगळी. नाव दिलं आहे ते या मुलखातल्या मूळ पायूट लोकांचं. गावात शिरलं की पेट्रोल पंपावर, खानावळीपुढे, मोटेलच्या अंगणात सगळीकडे एटीव्ही उभ्या दिसतात: चार फुगीर टायर, मोटरसायकलचं हँडल आणि दोन्हीकडे पाय सोडून बसायची लांब सीट.

माझी भाची सॉल्ट लेक सिटीत नोकरी करते. आमची तासगावकडं द्राक्षबाग. बागेतला छोटा ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, त्यांची दुरुस्ती यातच माझी हयात गेली. "मामा, तुम्हाला इथले डोंगर दाखवायचे तर एंजिनावर बसवूनच दाखवायला हवेत," असं म्हणत तिनं हा बेत आखला. सप्टेंबरची अखेर तिनंच निवडली. उन्हाळ्यातली दुपारची वादळं तोवर सरतात, अ‍ॅस्पेनची पानं पिवळी पडतात आणि माथ्यावर बर्फ साचायला अजून अवकाश असतो.

युटात सरकारी जमिनीवर असं वाहन चालवायचं तर 2023 पासून प्रौढांनाही एक मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो आम्ही निघण्यापूर्वीच करून ठेवला होता. पण खरं शिक्षण झालं ते मेरिसव्हेलच्या गॅरेजात. भाड्यानं गाड्या देणारे आजोबा सत्तरी ओलांडलेले, हाताला ग्रीसचा वास असलेले. किल्ली खिशात ठेवूनच त्यांनी आम्हाला गाडीभोवती फिरवलं. घाई म्हणून नाही. मला हा माणूस पहिल्या पाच मिनिटांतच आवडला.

सुरुवात टायरपासून. या टायरांत हवा असते फक्त पाच-सहा पीएसआय. मोटारीच्या टायरात तीस-बत्तीस असते. त्यामुळे नेहमीच्या मीटरवर काटा नीट हलतही नाही, कमी दाबाचा वेगळा मीटर लागतो. दोन्ही बाजूंच्या टायरांत एकाच पीएसआयचा फरक असला तरी गाडी एकीकडे ओढते. मग त्यांनी प्रत्येक चाक वरच्या बाजूला धरून हलवायला लावलं. खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला. चाकाचे नट एकेक करून पान्यानं तपासले. त्यानंतर ॲक्सिलरेटर. तो मुठीत पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्यानं दाबायचा असतो. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून त्यांनी तो दाबून सोडायला सांगितला. दोन्ही वेळा तो चटकन मागे यायला हवा. केबलमध्ये धूळ बसली की तो अडकतो आणि वळणावर अडकलेला ॲक्सिलरेटर माणसाला थेट दरीत नेतो. ब्रेक, एंजिन बंद करायचा लाल खटका, दिवे. शेवटी डिपस्टिक. तेलाची पातळी तर बघायचीच, पण रंगही बघायचा. दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलं आहे, ती गाडी तिथेच ठेवायची. मग खाली वाकून ॲक्सलच्या टोकांवरचे रबरी बूट. एक बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि वाळू आत. जॉइंट पार झिजून जातो.

आजोबा तरुणपणी तीनचाकी चालवत. या वाहनाचा जन्मच तीन चाकांवर झाला. होंडाचे अभियंते ओसामु ताकेउची यांनी घडवलेली, फुग्यासारख्या टायरांची पहिली गाडी 1970 मध्ये अमेरिकेत विकायला आली. पुढे ती इतकी लोकप्रिय झाली आणि तिच्यावरून इतकी माणसं, विशेषतः मुलं, मेली की 1988 मध्ये सरकार आणि उत्पादक यांच्यात न्यायालयात समझोता होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. चौथं चाक आलं, पण धोका गेला नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या आकड्यांनुसार कच्च्या वाटेवरच्या या वाहनांमुळे, म्हणजे एटीव्ही आणि शेजारी-शेजारी बसायच्या गाड्या मिळून, वर्षाला सरासरी 800 हून अधिक माणसं मरतात आणि सुमारे 1,00,000 जणांना दवाखान्याच्या तातडीच्या विभागात न्यावं लागतं. आजोबांनी हे आकडे सांगितले नाहीत. त्यांनी सीटवर थाप मारून एवढंच विचारलं, "ही एवढी लांब का केली असेल?"

भाची म्हणाली, "दोघांना बसायला."

"नाही," ते म्हणाले. "एकट्याला सरकायला."

या वाक्याचा अर्थ बुलियन कॅन्यनमध्ये शिरल्यावर कळला. मेरिसव्हेलच्या पश्चिमेला तुशार डोंगररांग आहे. तिचं सर्वोच्च शिखर डेलानो, 12,169 फूट. दरीच्या तोंडाशी वाट रुंद, एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला जुन्या खाणींचा राडारोडा. गंजलेली यंत्रं, लाकडी ओंडक्यांच्या पडक्या खोल्या. माइनर्स पार्क नावाच्या जागी ही अवजारं झाडांखाली मांडून ठेवली आहेत. तिथून पुढं चढ सुरू होतो, आणि तो असा की समोर रस्ता दिसायच्या ऐवजी आकाश दिसतं.

गाडीचं वजन सुमारे 300 किलो, पण पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर जेमतेम सव्वा मीटर. चालवणारा वर बसलेला, म्हणजे सगळा भार उंचावर. चढावर मागे जास्त माल भरलेली बैलगाडी उलाळते, जू वर उचलतं, तसंच हिचं. म्हणून चढापूर्वीच लो गिअर टाकायचा, सीटवर पुढं सरकायचं, छाती हँडलकडं न्यायची आणि अंगठ्याचा दाब एकसारखा ठेवायचा. मध्येच अधीर होऊन ॲक्सिलरेटर मारला तर पुढची चाकं उचलतात. चढावर गाडी बंद पडली तर तिला मागं घरंगळू द्यायचं नाही. ब्रेक धरायचे, भार पुढंच ठेवायचा, पार्किंग ब्रेक लावायचा आणि चढाच्या बाजूला उतरायचं. उताराच्या बाजूला उतरलेल्या माणसावरच गाडी येते.

आडव्या उतारावर, म्हणजे वाट डोंगराच्या कुशीतून जाते तिथं, बुड डोंगराच्या बाजूला सरकवायचं आणि अंगही तिकडंच झुकवायचं. डोंगर उतरताना उलट: सीटच्या शेवटापर्यंत मागं, हात ताठ, गिअर लो, म्हणजे एंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. ट्रॅक्टरवर मी आयुष्यभर एका जागी बसून राहिलो. इथं तासाभरात मांड्या, कंबर, खांदे सगळे कामाला लागले. आपलं शरीर हेच या गाडीचं पाचवं चाक आहे. चाकं जमीन धरतात, पण तोल माणूस धरतो. मागं कुणी बसलं असतं तर मी सरकलो कुठं असतो? आणि तो दुसरा जीव चढावर नेमका मागच्या चाकांच्या पलीकडं लोंबकळला असता.

वरती ओढा ओलांडायला लागला. भाची थांबली, उतरली, काठीनं पाणी मोजलं. पाय ठेवायच्या पट्टीखाली पाणी असेल तरच जायचं, तेही ओढा ओलांडायच्या ठरवून दिलेल्या जागेवरूनच आणि सरळ रेषेत. वेगात पाणी उडवत जाणारे व्हिडिओ मुलं पाहतात. पण यातल्या बहुतेक गाड्यांचं गिअर पट्ट्यावर चालतं, आणि पट्ट्याच्या खोक्यात पाणी शिरलं की पट्टा घसरून गाडी चढावरच जागची हलत नाही. पलीकडं गेल्यावर तिनं चालत्या गाडीत हलके हलके ब्रेक दाबून ते वाळवले. सांगितलेलं मनापासून ऐकणारी पोर, मला समाधान वाटलं.

11,000 फुटांच्या आसपास झाडं संपली. एंजिनाची ताकद एव्हाना तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाली होती. विरळ हवेत दर हजार फुटांमागं साधारण तीन टक्के जाते. बेलनॅप शिखराचे फिकट उघडे कडे, त्यावर पांढऱ्या डोंगरी शेळ्यांचे ठिपके. आम्ही एंजिनं बंद केली. खाली दरीत अ‍ॅस्पेनची बनं पेटल्यासारखी पिवळी झाली होती. याच राष्ट्रीय वनात पूर्वेला फिश लेकजवळ पांडो आहे: 106 एकरांवर पसरलेली सुमारे 47,000 खोडं, पण सगळी एकाच मुळातून फुटलेली, एकच झाड. अ‍ॅस्पेन असं मुळांतून पसरतं, म्हणून वाट सोडून चार चाकं एकदा रानात घातली तरी कोवळे फुटवे चिरडतात, माती दबते आणि पुढच्या पावसात तिथून ओहोळ सुरू होतो. इथं आखलेली वाट सोडणं हा गुन्हा आहे. मला हा कायदा मनापासून पटला. सायलेन्सरला ठिणगीरोधक जाळी असणंही वनखात्यानं सक्तीचं केलं आहे. सुकलेलं गवत गरम सायलेन्सरखाली अडकून वणवा लागू शकतो, म्हणून दर थांब्यावर आम्ही वाकून तिथली काटकी-गवत काढत होतो.

पुढच्या दिवशी किंबर्लीकडं गेलो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲनी लॉरी खाणीमुळं भरभराटीला आलेलं हे गाव आता ओसाड पडलं आहे. वाट उतरते क्लिअर क्रीकच्या दरीत. तिथं 1983 मध्ये महामार्ग बांधताना फ्रीमाँट लोकांची मोठी जुनी वस्ती सापडली. आता तिथं स्टेट पार्क आणि संग्रहालय आहे. खडकांवर कोरलेली मेंढरं आणि माणसं आम्ही पाहिली. पण त्या वाटेची खरी आठवण धुळीची. पिठासारखी बारीक धूळ. दोन गाड्यांत एवढं अंतर ठेवावं लागलं की पुढचीचा धुरळा खाली बसल्यावरच मागची तिथं पोचावी.

संध्याकाळी आजोबांनी सीट काढून एअर फिल्टर बाहेर काढला. सकाळी स्वच्छ असलेला फोम तपकिरी झाला होता. इथं मी न सांगता बाह्या सरसावल्या. तासगावच्या धुळीत आमच्या ट्रॅक्टरचं असंच होतं. फोम कोमट साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवायचा, पिळायचा नाही, कारण पिळला की फाटतो. पूर्ण सुकवायचा, मग फिल्टरचं तेल लावून जादाचं दाबून काढायचं. पेट्रोलनं धुतला तर फोमची चिकटवण सुटते, शिवाय आगीची भीती. कोरडा बसवला तर बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा खाते. नवशिके लोक चकचकीत बॉडी धुतात आणि हा फोम विसरतात. एंजिन लवकर बसण्याचं हे एक मोठं कारण आहे. मग रेडिएटरच्या जाळीतला चिखल कमी दाबाच्या पाण्यानं काढला. जोराचा फवारा बेअरिंगवर मारला की सील ओलांडून पाणी आत जातं. निपलांत ग्रीस मारलं, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. डांबरी रस्त्यावर या गाड्या का न्यायच्या नाहीत तेही आजोबांनी चाक फिरवून दाखवलं. बऱ्याच एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट, एकाच वेगानं फिरणारी. मातीत आतलं चाक घसरून वळण देतं. डांबर ते घसरू देत नाही, आणि गाडी कलंडते.

मेरिसव्हेल सोडताना माझ्या मनात आपलं कोकण होतं. नागाव, काशीद, दिवेआगरच्या किनाऱ्यांवर याच गाड्या भाड्यानं मिळतात. त्यांवर मागं आईबाप, पुढं पाच-सहा वर्षांचं मूल, त्या मुलाचा अंगठा ॲक्सिलरेटरवर आणि कुणाच्याच डोक्याला काही नाही, असं दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. प्रौढांसाठीची गाडी 16 वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही, असं अमेरिकेतला ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो. आणि दिवेआगरच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथं चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्यांतून पिल्लांना समुद्र गाठता येत नाही.

म्हणून किनाऱ्यावर गेलात तर गाडीवर एकटेच बसा आणि मुलाला पुढं घेऊ नका. अंगठ्याचा ॲक्सिलरेटर दाबून सोडा, तो चटकन मागं येतो का पाहा. टायर समान आहेत का, ब्रेक लागतात का, ते विचारा. बंद बूट आणि हनुवटीला पट्टा लागणारं हेल्मेट मागा. गाडीवाल्याकडं हेल्मेट नसेल तर पैसे देऊ नका, वाळूवरून चालत जा.