नीळ दिलेला घाट

उजव्या डोळ्यावरची पट्टी काढल्यावर नर्सने विचारलं, "कसं दिसतंय, काका?" मी म्हटलं, "भिंतीला रंग कधी दिलात?" ती हसली. रंग जुनाच होता. घरी आलो तर आमचीही भिंत पांढरीशुभ्र. ही भिंत गेली आठ वर्षं मी क्रीम समजत होतो. सांगितलेला पांढरा सोडून भलताच रंग दिला म्हणून रंगाऱ्याचे पाचशे रुपये कापूनही घेतले होते. "पांढराच आहे हो," असं बायको तेव्हाही म्हणाली होती.

भिंतीचं सोडा. तिसऱ्या दिवशी मनाई असताना गच्चीवरच्या खोलीत गेलो आणि दिवा लावला. समोर माझा बोरघाट. अकरा फूट लांब, अडीच फूट रुंद रेल्वेचं मॉडेल, एचओ स्केलमध्ये म्हणजे एकास सत्याऐंशी. डावीकडे ठाकूरवाडी, उजवीकडे मंकी हिल, मध्ये दोन बोगदे. सतरा वर्षांचं काम. आणि मंकी हिलकडचा सगळा कातळ निळा! धोतराला नीळ जास्त झाली की कसं दिसतं, अगदी तसा. उजवा डोळा हाताने झाकला. डाव्याला माझा घाट जसाच्या तसा दिसला, उबदार, काळसर, सप्टेंबर अखेरचा. हात काढून डावा झाकला. पुन्हा नीळ. असं किती वेळा केलं, मोजलं नाही.

या नादात असलेल्या प्रत्येकाचा एक रंग असतो, जो कधी जमत नाही. कुणाचा गंजलेला रूळ, कुणाचं पाणी. माझा घाटातला दगड. आपण त्याला काळा दगड म्हणतो, कातळ म्हणतो, पण जुन्या वाड्याच्या जोत्याशी उन्हात उभं राहून पाहा, त्यात काळं फार थोडं असतं. नुकत्या फुटलेल्या कडेला निळसर करडा, जुन्या पाठीला तपकिरी, वर दगडफुलाचे पांढुरके डाग आणि पाणी ओघळतं तिथे शेवाळाची हिरवट काळी रेघ. पाऊस पडला की सगळाच काळाकुळकुळीत आणि चकचकीत. सह्याद्रीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. तोही एखाद्या ठिकाणी दाखवावा लागतो, पण सगळीकडे दाखवला तर केकसारखं दिसतं.

नवशिके ट्यूबमधला काळा आणि पांढरा मिसळतात. त्यातून सिमेंटच्या पत्र्याचा रंग निघतो, मेलेला. मी काळी ट्यूब घरात ठेवत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांना मारतात आणि त्यातून जो करडा निघतो, त्यात दोघांचाही जीव उरतो. थेंब इकडचा जास्त झाला तर पाटीचा रंग, तिकडचा झाला तर भाजलेल्या विटेचा. मग तो फिका करायचा. इथे टायटॅनियम व्हाइट हात दाखवतं. दोन थेंबांत दगडाची राख होते. म्हणून मी पांढऱ्यात आधी यलो ऑकर घालून ते ताकासारखं करून घेतो आणि मगच मिसळतो. प्लास्टरच्या चकतीवर लावायचं, ड्रायरने सुकवायचं आणि मगच मत द्यायचं, कारण ओलं अ‍ॅक्रिलिक कुणाच्याही बाजूने साक्ष देतं. अशा चकत्या माझ्याकडे 212 आहेत. प्रत्येकीच्या पाठीवर नंबर, आणि डायरीत त्या नंबरापुढे थेंबांचा हिशेब.

ती डायरी काढली. चकती 14, साल 2009: अल्ट्रामरीन तीन, सिएना चार. चकती 90, साल 2015: चारास चार. चकती 187, साल 2022: अल्ट्रामरीन सहा, सिएना चार. आणि प्रत्येक नोंदीखाली माझ्याच अक्षरात, "आता जमलं."

म्हणजे दरवर्षी मी थोडी थोडी नीळ वाढवत गेलो होतो. डोळ्यातलं भिंग पिवळं होत गेलं, निळा मळत गेला, आणि मी त्याची भरपाई करत गेलो. घाट मी डावीकडून उजवीकडे बांधत गेलो, त्यामुळे ठाकूरवाडीचा कातळ बरा आहे, पहिल्या बोगद्यानंतर शंका येते, दुसऱ्या बोगद्यातून गाडी बाहेर पडते ती थेट निळीच्या हौदात. झाडाच्या खोडावर वर्षांची कडी मोजतात तसा माझा मोतीबिंदू त्या डोंगरावर मोजता येतो.

मित्रांनी समजूत काढली. एकाने चित्रकार मोनेचं नाव घेतलं. मोनेच्याही उजव्या डोळ्याचं ऑपरेशन 1923 साली झालं होतं आणि नंतर त्याला आपलीच चित्रं सहन होईनात. खरं सांगतो, दोन दिवस मी त्या वाक्यावर काढले. भाजीवाल्याकडेसुद्धा मोनेचा विषय काढला.

तिसऱ्या दिवशी आमचे फिजिक्सचे निवृत्त मास्तर आले. चहा पिता पिता म्हणाले, "पण हे गणित जुळत नाही. भिंग पिवळं होतं ना? मग खरा दगड बघतानाही तेच भिंग आणि रंग बघतानाही तेच. दोन्हीकडची चूक सारखी. ती आपोआप वजा व्हायला हवी." मी म्हटलं, दगडातली खनिजं वेगळी, ट्यूबमधली रंगद्रव्यं वेगळी. एका उजेडात दोन रंग जुळतात, दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. शिवाय मी काम रात्री करायचो, ट्यूबलाइटखाली. ते म्हणाले, "हो, थोडा फरक पडेल. पण तिनाचे सहा?" आणि बिस्किट बुडवून खाल्लं.

मास्तर गेल्यावर टेबलावरच्या दगडाकडे पाहिलं. मूठभर, खंडाळ्याच्या वाटेवर 1987 साली उचललेला. डायरीची पानं उडू नयेत म्हणून सतरा वर्षं तो माझ्या उजव्या हाताशी आहे. रंग मिसळताना एकदाही मी चकती त्याच्याशेजारी धरली नव्हती.

याचं एक तयार उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते उत्तर खरंही आहे. खरा दगड लेआउटवर चालत नाही. सुरुवातीला मी त्याच्या कपच्या प्लास्टरच्या कड्यात बसवून पाहिल्या होत्या. डोंगराला भोकं पडल्यासारख्या दिसल्या. खरा कडा आपण लांबून पाहतो. मधल्या हवेने तो फिका होतो, आणि त्याच्यावर सूर्य असतो. माझ्या कड्यावर एक बारा वॅटचा दिवा. म्हणून मॉडेलचा रंग खऱ्यापेक्षा फिका हवा, हे या धंद्यातलं पोर सांगेल. पण "खरा रंग चालत नाही" इथून "खऱ्याकडे बघायची गरज नाही" इथवर मी कधी घसरलो, ते माझं मलाच कळलं नाही.

मी आठवणीवरून रंगवत होतो. मुंबईला बँकेत होतो तेव्हा, 1979 ते 86, दर सोमवारी पहाटेच्या गाडीने घाट उतरायचो. एकास सदतीसचा उतार, म्हणून ब्रेकच्या तपासणीसाठी गाडी मंकी हिलला क्षणभर थांबते. खिडकीपासून हाताच्या अंतरावर कातळ, ओला, त्यावर पहिला उजेड. पलीकडच्या लाइनीवर कर्जतहून मालगाडीला ढकलत आलेली बँकर इंजिनं धापा टाकत असायची. ते एक मिनिट मी सात वर्षं गोळा केलं. लोकांना मात्र सांगत आलो की मी घाटात जाऊन, दगडासमोर उभा राहून शेड ठरवतो. प्रदर्शनात सांगितलं, एका दिवाळी अंकातल्या मुलाखतीत सांगितलं. गेलो होतो, नाही असं नाही. पाच-सहा वेळा. वडापाव खाऊन, फोटो काढून परत. रंग ठरत होता सत्ताविसाव्या वर्षाच्या डोळ्यांनी, मिसळला जात होता सत्तरीच्या, आणि मधला फरक भरून काढायला निळीची ट्यूब होतीच.

सगळ्यात वाईट आठवतं ते नातीचं. तीन वर्षांपूर्वी, ती आठ वर्षांची असताना, स्टुलावर उभी राहून म्हणाली होती, "आजोबा, इकडचा डोंगर निळा का केलात?" मी तिला हवेतल्या बाष्पावर, दूरचे डोंगर निळे का दिसतात यावर पंधरा मिनिटं सुनावलं. ती म्हणाली, "पण हा दूर कुठेय?" मी तिला रूळ पुसायचं काम दिलं.

आता दुसऱ्यांविषयी बोलायचा अधिकार मला फारसा उरलेला नाही, तरी बोलतो. आमच्या मंडळातले एक गृहस्थ सगळं बाटलीबंद आणतात. परदेशी कंपनीचा तयार 'जुना रूळ', तयार 'खडक', तयार गवत. ते गवत युरोपातल्या वसंताचं. आपल्याकडे तसला हिरवा फक्त सरकारी जाहिरातीत दिसतो. ऑकरमध्ये काजळीचा ठिपका टाकला की सह्याद्रीचं गवत होतं, त्यात भुसा रंगवावा, दोन रुपयांत काम. पण त्यांचा डोंगर सगळीकडे सारखा आहे, पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत. पूर्वी मी याला निर्जीव म्हणायचो. हल्ली ते माझ्याकडे आले की मी उजवीकडचा दिवा लावत नाही. दुसरा एक तरुण मोबाइलवर कड्याचा फोटो काढतो, त्यावर बोट ठेवतो आणि मिळालेला आकडा घेऊन रंगाच्या दुकानात जातो. फोटोतल्या सावलीवर बोट ठेवलंस की उन्हावर, एवढं विचारलं तर म्हणाला, "सर, अ‍ॅव्हरेज घेतो." दगडाचं अ‍ॅव्हरेज!

आणि पडताळायला जावं तर घाटही पूर्वीचा राहिलेला नाही. दरडी कोसळतात म्हणून कड्यांवर लोखंडी जाळ्या ठोकल्या आहेत. गाडी सुखरूप जावी हे मलाही कळतं. पण जाळीमागचा कातळ पिंजऱ्यात घातल्यासारखा दिसतो. खडीचा तांबूसपणा तेवढा जुन्या वळणाचा आहे. ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा गंज चढून, उतरणीच्या लाइनीला जरा जास्तच. मला बिनचूक जमलेला रंग म्हणाल तर तोच, काव आणि उंबर, कारण त्यात निळा जवळजवळ नाहीच. मोतीबिंदूला तिथे काही करता आलं नाही.

मंकी हिल पुन्हा रंगवायचा का, हे सगळे विचारतात. पुसट पिवळ्या वॉशचे दोन हात दिले तर नीळ मरेल, चार दिवसांचं काम आहे. अजून ब्रश उचललेला नाही. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे, आणि त्याआधी एक वेगळंच काम निघालं.

चकती 187 मी डाव्या डोळ्याने पाहतो, उजवा झाकून. मग डावा झाकतो आणि नुसत्या उजव्याने पॅलेटवर रंग मिसळतो. सुकवतो. पुन्हा डाव्याने जुनी चकती, उजव्याने नवी. मान लंबकासारखी हलते, डोकं दुखतं, बायको जिन्यातून हाक मारते, "अहो, थेंब घालायची वेळ झाली!" पहिल्या दिवशी फार तपकिरी झालं. दुसऱ्या दिवशी ऑकर कमी केला. काल संध्याकाळी, अल्ट्रामरीन तीनवर आणि सिएना पाचाला जरा कमी असताना, दोन्ही डोळ्यांना एकच दगड दिसला.

मग उठून 1987 सालचा तो दगड आणला आणि नव्या चकतीशेजारी ठेवला. जुळत नाही. दगड जास्त गार आहे, आणि पाठीवर हिरवट झाक आहे, ती मला कधीच दिसली नव्हती. चकती उलटी करून पेन्सिलीने लिहिलं: 213, डाव्याला दिसायचा तसा. नातीने ते वाचलं आणि विचारलं, "आजोबा, हा कुठे लावायचा?" मी म्हटलं, कुठे नाही. तिने ती चकती डब्यात न ठेवता उचलून दगडावर ठेवली, आणि मी ती तिथेच राहू दिली.