हरणाऱ्याचा हात

बुद्धिबळात मी प्यादेच. तरी २८ जुलै २०२५ रोजी हातातला चहा निवून गेला, पण मी नातीशेजारून हललो नाही. जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत रंगली होती. एकीकडे कोनेरू हंपी, वय ३८. दुसरीकडे नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. हंपी ग्रँडमास्टर झाली २००२ साली, तेव्हा दिव्याचा जन्मही व्हायचा होता!

नात दिव्याच्या पक्षाची. मी मात्र गुपचूप हंपीकडे झुकलो. अडतिसाव्या वर्षी कोणी म्हातारे होत नाही हे खरे. पण समोर एकोणीस वर्षांचे कोणी येऊन बसले, की होते.

आधीचे दोन मोठे डाव बरोबरीत सुटले होते. जलद डावांतला पहिलाही तसाच. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. पटावर मोजकीच मोहरी उरली, हंपीचे घड्याळ धावू लागले आणि त्या घाईत तिची चूक झाली. अखेर तिने डाव सोडला, हात पुढे केला. दिव्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या एका विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली होती. नात टाळ्या पिटत होती. माझी नजर मात्र त्या पुढे आलेल्या हातावर खिळली होती.

चौदाव्या वर्षी, पाडव्याच्या दिवशी, मी आण्णांवर पहिल्यांदा मात केली. आण्णांनी मोहरी पिशवीत भरली, कापडी पट गुंडाळला आणि एक शब्द न बोलता ते आत गेले. त्यानंतर ते माझ्याशी कधीच खेळले नाहीत. जिंकल्याची अशी शिक्षा मला झाली. पुढे कितीतरी वर्षे कुठेही जिंकलो, की आधी अपराध्यासारखे वाटे.

“आजोबा, एक डाव?” नातीने विचारले.

तिने विसाव्या खेळीलाच माझा वजीर टिपला. थोड्याच वेळात मात! कानशिले तापली. खोटे कशाला सांगू, हात पिशवीकडे गेलासुद्धा. पण तो मी वळवला आणि तिच्यापुढे धरला.

“शाबास! पुन्हा मांडायचा?”

हेच दोन शब्द ऐकण्यासाठी त्या पाडव्याला मी दिवेलागणीपर्यंत ओटीवर बसून राहिलो होतो. नातीला ते काय ठाऊक! ती केव्हाच प्यादी मांडू लागली होती.